ओढणारा – एक

ही गोष्ट खरी आहे.

खरी म्हणजे किती खरी? तर ज्यांच्या घरात ती घडली ते मास्तर माझे साडू. साडू हे नातंच असं आहे की त्यात कुणी कुणाला उगाच मोठं करायला जात नाही. मास्तरांनी एखादा पराक्रम केला असता तर मी तो तुम्हाला कळूही दिला नसता. मग भूत कशाला रंगवून सांगू?

रात्र कुठली, असं विचाराल, तर रात्र नव्हती. घुबड नव्हतं, कुत्रं रडत नव्हतं.

भर दुपार होती. सव्वातीन.

आणि जागा म्हणाल तर बंदराजवळच्या जुन्या रस्त्यावरचं दोनशे वीस वर्षांचं घर. कस्टमच्या एका परदेशी साहेबाने बांधलेलं. दोन हात जाड भिंती, झडपांच्या उंच खिडक्या, पुढे दगडी खांबांचा व्हरांडा. ते लोक बोटीत बसून आपल्या देशी गेले तेव्हा मास्तरांच्या आजोबांना ते मिळालं. आजोबा साहेबाच्या कचेरीत कारकून होते.

त्या घरातली मागची, झोपायची खोली.

तिथे मी आता पाऊल टाकत नाही.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. निवृत्त झाले आणि घराच्या मागे लागले. घराचं वय दोनशे वीस, मास्तरांचं बहात्तर. सांधे दोघांचेही वाजत, पण औषध फक्त घराला मिळे. चुना भिजवायचा, खांब पुसायचे, झडपांना तेल पाजायचं. छताच्या तुळयांना खिळासुद्धा मारायचा नाही, म्हणून घरात विजेचा पंखा नाही. अक्का, म्हणजे मास्तरांची बायको आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, उन्हाळाभर पुठ्ठ्याने वारा घेत म्हणायची, "अहो, पुढच्या जन्मी मी तुळई होते. निदान तेल तरी लावाल."

मग एके दिवशी नगरपालिकेचा माणूस आला आणि व्हरांड्याच्या तिसऱ्या खांबावर लाल फुली मारून गेला.

रस्ता रुंद होणार होता. अर्धं घर जाणार होतं.

मास्तर त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. वाचायचा एकच मार्ग होता. वारसा खात्याच्या यादीत घर पहिल्या वर्गात लागलं, तर त्याच्या विटेलाही कुणी हात लावू शकत नव्हतं. चार महिने मास्तर अर्ज घेऊन खात्याच्या पायऱ्या चढले आणि उतरले. शेवटी पाहणीवाल्या बाई आल्या. वय तिशीचं, हातात टेप, डोळ्यांत शिस्त.

"काका, घर सुंदरच आहे," बाई म्हणाल्या. "पण पहिल्या वर्गाला पूर्ववत लागतं."

"म्हणजे कसं?"

"मूळचं जे जे होतं ते सगळं हवं. आणि नंतरचं जे घुसलंय ते काहीही नको."

"नंतरचा तर मीच घुसलोय," मास्तर म्हणाले. "मला काढणार?"

बाई हसल्या नाहीत. सरकारी कामात विनोदाला वेगळा अर्ज लागतो.

पण मूळचं काय काय होतं, हे कळायचं कसं? ते आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. घर ताब्यात घेताना आजोबांनी केलेली सामानाची यादी. खोलीवार, सुवाच्य. मास्तरांना आकाश ठेंगणं झालं. पेन्सिल कानावर लावून ते एकेका वस्तूमागे लागले. जुन्या बाजारातून दिवे आणले, सुताराकडून खुर्च्या करून घेतल्या. वस्तू जागेवर आली की यादीत बरोबरची खूण. पेन्सिलने. मास्तरांनी आयुष्यात शाई वापरली नाही. "चूक खोडता आली पाहिजे," हे त्यांचं शाळेतलं वाक्य.

मागच्या खोलीची पाच ओळींची यादी अशी होती :

पलंग, शिसवी – एक.

पंखा, छताचा, कापडी – एक.

दोर – एक.

स्टूल, व्हरांड्यातलं – एक.

ओढणारा – एक.

वीज नव्हती तेव्हाची ही सोय. छताला आडवा दांडा टांगायचा, त्याला झालरीचं जाड कापड. दांड्याचा दोर भिंतीच्या भोकातून मागच्या व्हरांड्यात. तिथे स्टुलावर एक माणूस दोर ओढत बसायचा. आत साहेब झोपायचा. बाहेरच्याला डुलकी लागली की आतला वारा थांबायचा. वारा थांबला की साहेब जागा व्हायचा.

मग साहेब बाहेर यायचा.

पुढचं आजोबांनी कधी कुणाला सांगितलं नाही.

"बघा हो," अक्का यादीवर बोट ठेवून म्हणाली, "पलंगाच्या, दोराच्या रांगेत माणूस लिहिलाय. आणि तोही स्टुलाच्या खाली!"

"या ओळीचं काय करायचं?" मास्तरांनी बाईंना विचारलं.

"ती सोडून द्या, काका," बाई म्हणाल्या. आणि पहिल्यांदाच हसल्या.

मास्तरांनी ती ओळ सोडून दिली.

आता भिंतीत भोक सापडेना. शेवटी म्हातारा गवंडी आला आणि हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवत गेला. ठक्, ठक्, ठक्...

बद्द.

"हे बुजवलंय, मास्तर. तुमच्या वडिलांच्या काळातलं काम दिसतंय."

"फोडा."

"वडिलांनी बुजवलं म्हणजे काही..."

"वडील नंतरचे," मास्तर म्हणाले. "फोडा."

गवंड्याने फोडलं. वीतभर भोक. पण आत विटेचा तुकडा नव्हता. आत कोंबून, ठोकून, वरून चुन्याने लिंपलेला होता...

एक बूट.

डाव्या पायाचा. कातडं वाळून लाकूड झालेलं. टाच खोलीकडे, टोक व्हरांड्याकडे. जणू बाहेर येता येता अडकला होता.

"हा परत घाला," गवंडी हात धुवत म्हणाला.

"का?"

"का ते मला काय ठाऊक? पण भोक बुजवायला जो माणूस बूट वापरतो, त्याच्या घरी विटा नव्हत्या असं थोडंच आहे?"

मास्तरांनी बूट काचेच्या पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं आणि खाली सुंदर अक्षरात चिठ्ठी डकवली. तुळईतल्या जुन्याच कड्यांना कापडी पंखा टांगला, भोकातून नवा दोर ओवला. व्हरांड्यात स्टूल ठेवलं. पुढच्याच आठवड्यात घर पहिल्या वर्गात लागलं. तिसऱ्या खांबावरची लाल फुली पुसून तिथे पितळी पाटी बसली. आम्ही पेढे खाल्ले. माझी बायको म्हणाली, "भाओजी, आता शंभर वर्षं कुणी हलवत नाही तुम्हाला."

किती सहज बोलून गेली ती.

पहिली दुपार.

उकाडा मी म्हणत होता. अक्का मागच्या खोलीत आडवी झाली, जाड भिंतींमुळे तिथे जरा गार असायचं. मास्तर सुताराकडे गेले होते. साडेपाचला परतले तर अक्का आरशासमोर गुणगुणत वेणी घालत होती.

"काय सुरेख वारा घातलात हो आज! पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. हात दुखले असतील."

मास्तर हातातली पिशवी धरून उभेच राहिले.

"मी... कधी?"

"सव्वातीनला सुरू झालात की. पाचला थांबलात. घड्याळाचे टोले पडले आणि थांबलात."

नवऱ्याला न केलेल्या कामाची शाबासकी मिळाली की तो सहसा बोलत नाही. पण दुसऱ्या दिवशी ते तीन वाजल्यापासून मागच्या व्हरांड्यात खांबाआड उभे राहिले.

व्हरांडा रिकामा. ऊन पांढरंफट्ट. स्टूल रिकामं. दोर भिंतीवरून लोंबत होता.

सव्वातीन.

दोर ताठ झाला...

कर्र... सूं...

कर्र... सूं...

भोकाच्या तोंडाशी बसवलेली कप्पी कुरकुरत होती. आत पंखा हलत होता. आणि दोराचं टोक, जमिनीपासून दोन हात वर, हवेत धरल्यासारखं पुढेमागे होत होतं.

धरणारं कुणी नव्हतं.

मास्तरांनी अक्काला सांगितलं नाही. काय सांगणार? ती घोरत होती. ते रोज जाऊन उभे राहू लागले. चित्रकाराची नजर, दुसरं काय. त्यांच्या लक्षात आलं की ओढ मनगटातून नाही, खांद्यातून आहे. उजव्या खांद्यातून. चार ओढी लांब, पाचवी आखूड, तेवढाच दम खायला. आठ दिवसांत त्यांना ती लय पाठ झाली. रात्री अंथरुणात त्यांचा खांदा आपोआप हलायचा.

आणि आपल्या वडिलांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली होता, हे त्यांना पन्नास वर्षांनी आठवलं. त्यांचं चित्र काढताना ती चूक समजून मास्तरांनी दोन्ही खांदे सारखे केले होते.

नवव्या दिवशी सव्वातीनला दोर हलला नाही.

मास्तर वाट बघत राहिले. मिनिट गेलं. दोन गेली. दोर मेलेल्या सापासारखा लोंबत होता.

स्टूल मात्र... हललं. पायांवर फरफटत हातभर सरकलं. त्यांच्या दिशेने. बसा म्हटल्यासारखं.

नव्या माणसाला आठ दिवस काम दाखवतात. मग चार्ज देतात.

आतून आवाज आला.

टाक्...

मग काहीच नाही. एका पावलाएवढं काहीच नाही.

टाक्...

एका पायात बूट. दुसरा अनवाणी.

मास्तर दाराकडे धावले. दार कधी लावायचे नाहीत ते. आता लागलेलं होतं. झडपेच्या फटीतून पाहिलं. अक्का पलंगावर उताणी. तोंड उघडं, डोळे उघडे, हात गळ्याशी. छाती हलत नव्हती. खोलीतली हवाच कुणीतरी काढून घेतली होती. मच्छरदाणीचा धागाही हलत नव्हता.

"अगं! अगं, ऊठ!"

ओठ निळे पडत होते.

टाक्... पलंगाच्या या बाजूला. आवाज दिसत नव्हता, पण जवळ येत होता.

मास्तरांनी दारावर खांदा मारला. दगडावर मारल्यासारखा. दोनशे वीस वर्षांचं सागवान, वर त्यांनीच तेल पाजून पोसलेलं. दुसऱ्यांदा मारला. तिसऱ्यांदा. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे. ते मागे वळले, व्हरांड्यात पळाले, स्टुलावर बसले आणि दोर धरला.

कर्र... सूं...

आत अक्काने श्वास घेतला. विहिरीतून वर यावा तसा.

मास्तरांनी दोर सोडला. श्वास थांबला.

धरला. आला.

मग त्यांनी सोडला नाही. चार ओढी लांब, पाचवी आखूड. पाचचे टोले पडेपर्यंत, रडत.

दार उघडं होतं. अक्का उठून बसली होती. "आज जरा जडच झोप लागली," ती म्हणाली. "अहो, तुमचे डोळे का लाल?"

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी अक्काला आमच्याकडे आणून सोडलं. तीन तासांचा प्रवास. आम्हाला सांगितलं, हवापालट. माझ्या हाताला धरून बाजूला नेलं आणि म्हणाले, "घराला कुलपं घालतो आणि संध्याकाळच्या गाडीने येतो. परत जायचं नाही आता. यादी गेली खड्ड्यात."

मास्तरांच्या तोंडी हे वाक्य! मला वाटलं, उन्हाचा त्रास.

यापुढचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

वीज गेली होती. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या. अक्का हॉलमधल्या दिवाणावर आडवी झाली. मी समोर खुर्चीत पेपर वाचत होतो. भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले आणि अक्काने गळ्याशी हात नेला.

बायको किंचाळली. आम्ही तिला उठवलं, पाठ चोळली, पाणी मारलं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर चप्पल न घालता धावत आले. छातीला नळी लावली. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "अडथळा काहीच नाही," ते म्हणत होते, "मग घेत का नाहीत या..."

मी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, अक्का... श्वास..."

पलीकडे फोन कशावर तरी आपटला. धावती पावलं. स्टूल सरकल्याचा आवाज.

कर्र... सूं...

अक्काने श्वास घेतला.

आणि मग तिच्या कपाळावरची पांढरी बट हलली. या बाजूला... त्या बाजूला. बंद खोलीत, बंद पंख्याखाली. या बाजूला... त्या बाजूला. डॉक्टरांनी ते पाहिलं. त्यांनी नळी गोळा केली आणि ते जिना उतरून गेले. हल्ली ते आम्हाला ओळख दाखवत नाहीत.

फोन माझ्या कानालाच होता. कप्पीचा आवाज. मास्तरांचे हुंदके. आणि त्यामागे, संथ, फेऱ्या घातल्यासारखं...

टाक्...

...

टाक्...

पाचला सगळं थांबलं.

अक्काने चहा मागितला.

मास्तरांनी काय केलं नाही? दोराला मोटर लावून पाहिली. पंखा हलला, अक्काचा श्वास आला नाही. भोक पुन्हा बुजवायचं ठरवलं. चुना भिजवला आणि बूट काढायला पेटीशी गेले. पेटीला कुलूप होतं. काच शाबूत होती. चिठ्ठी जागेवर होती.

बूट नव्हता.

विटांनी बुजवून पाहिलं. सकाळी विटा व्हरांड्यात एकीवर एक रचलेल्या, आणि दोर भोकात ओवलेला. वडिलांनी तो बूट कसा मिळवला असेल, कुणाच्या पायातून काढला असेल? सांगायला वडील नव्हते.

मग मास्तर वारसा खात्यात गेले. सकाळी, कचेरी उघडायच्या आधी. पाहणीवाल्या बाई आल्या तर हे पायरीवर बसलेले.

"काका? पाटी निघाली का?"

"घर पाडा," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पाडा माझं घर. रस्ता करा. लाल फुली मारा, मी मारतो, रंग घेऊन आलोय." पिशवीत खरंच रंगाचा डबा होता. "आजच पाडा. सव्वातीनच्या आत पाडा."

"काका, बसा बघू. पाणी घ्या. आता नाही पाडता येणार. संरक्षित आहे ते."

"मी मालक आहे!"

"म्हणून तर," बाई मऊ आवाजात म्हणाल्या. "मालकाने मूळ वास्तूचा एक दगड जरी हलवला तरी खातं घर ताब्यात घेतं. कुलूप लावतं. मग तुम्हाला आतसुद्धा जाता येणार नाही."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. आत जाता येणार नाही म्हणजे काय, हे त्या कचेरीत एकट्या त्यांनाच कळत होतं. त्यांनी रंगाचा डबा पिशवीत ठेवला, बाईंना नमस्कार केला आणि घरी गेले.

याला चार वर्षं झाली.

अक्का मास्तरांकडे परत गेली. "माणूस एवढा राबतोय आणि मी बहिणीकडे पाय पसरून बसू?" म्हणाली. तिला त्यांनी सगळं सांगितलं. ती त्यांच्याशेजारी व्हरांड्यात बसते, त्यांना पाणी पाजते, घाम पुसते. एकदा तिने स्वतः दोर धरून पाहिला. ते नको सांगायला. चार वर्षांत मास्तर कुठल्या लग्नाला गेले नाहीत, दवाखान्यात गेले नाहीत. ताप एकशे तीन होता तरी सव्वातीनला स्टुलावर होते. लोक कौतुक करतात. म्हणतात, घर जपावं तर मास्तरांनी.

गेल्या महिन्यात मी सकाळी जाऊन आलो. तीनच्या आत निघायचं म्हणून घाई केली. मास्तरांचा उजवा खांदा दोन बोटं खाली आला आहे. चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांनी धरला. मला म्हणाले, "तुम्हाला एक दाखवतो," आणि आजोबांची यादी काढली.

खोल्यांमागून खोल्या, पेन्सिलच्या खुणा. मागची खोली. पलंग, पेन्सिल. पंखा, पेन्सिल. दोर, स्टूल, पेन्सिल.

शेवटच्या ओळीसमोर बरोबरची खूण होती.

शाईची. तपकिरी पडलेली, जुनी शाई.

"मी नाही केली," मास्तर म्हणाले. "खोडून पाहिली. जात नाही."

मी घरी आलो. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

काल दुपारी चारला फोन वाजला. अक्काने लावून त्यांच्या कानाशी धरला असावा. मागे कप्पी कुरकुरत होती. चार ओढी... पण पाचवी यायला उशीर होत होता.

"साडू," मास्तर धापा टाकत म्हणाले, "मी पंचाहत्तर पार केली. तुम्ही माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, नाही का?"

"हो."

"हल्ली दुपारी तुम्ही काय करता?"



कर्र...

...

टाक्...

"साडू?" मास्तर म्हणाले. "ऐकताय ना?"

... सूं.

मी फोन ठेवला. आज दिवसभर तो बंद ठेवला आहे. आता पावणेतीन वाजलेत. बायको आत झोपली आहे, मी तिच्या उशाशी आहे. पंखा बंद आहे, वीज नाही.

तिच्या कपाळावर एक बट आहे. मी मघापासून तिच्याकडेच बघत बसलोय.